हाताला आलेली विद्या कॉलेजच्या कागदावर येईल का?



गेल्या पंधरवड्यात ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही गट कार्यालयात बसलो असताना एक सभासद भगिनी आमच्याकडे आल्या. नोंदीची वा बिलाची काही तक्रार नव्हती. एक शंका विचारायची होती. लग्नाआधी त्यांचे कला शाखेचे पहिले वर्ष झाले होते. पुढे संसार, शेती, मुलेबाळे यांत शिक्षण राहून गेले. गेली बारा वर्षे त्या ऊसरोपांची रोपवाटिका चालवितात. शेडनेट, ट्रे, कोकोपीट, एक डोळ्याचे बेणे, मजुरांचा हिशेब, बँकेचा हप्ता, सारे त्याच बघतात. आपल्या कार्यक्षेत्रातील कित्येक सभासदांच्या रानात त्यांची रोपे उभी आहेत. यंदा मुलगी कॉलेजात गेली, तशी त्यांच्याही मनाने उचल खाल्ली. चौकशीला गेल्या, तर उत्तर मिळाले, "बाई, पहिल्यापासून सुरुवात करा."

त्या आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, बारा वर्सं मी जे शिकले, ते शिक्षण नव्हं का?"

त्या वेळी आमच्याजवळ नेमके उत्तर नव्हते. नंतर माहिती काढली. ती आपणा सर्वांच्या, विशेषतः अर्ध्यावर शाळा सुटलेल्या घरच्या मुलासुनांच्या, उपयोगाची आहे म्हणून येथे देत आहोत.

टन आणि उतारा

आधी माप समजून घेऊ. कॉलेजच्या पदवीचे माप आता श्रेयांकात, म्हणजे क्रेडिटमध्ये असते. सर्वसाधारणपणे शिकण्याचे 30 तास म्हणजे 1 श्रेयांक. वर्षाचे 1200 तास, म्हणजे 40 श्रेयांक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान 160 श्रेयांक लागतात.

हे ऐकल्यावर कोणीही हिशेब मांडील की, बारा वर्षे रोज सहा तास काम केले, म्हणजे हजारो तास झाले, दोन-चार पदव्या सहज पदरात पडतील! पण तसे नाही. आपल्या धंद्यातलीच गोष्ट घ्या. ऊस किती टन आला ते काट्यावर कळते. त्यात साखर किती, ते उताऱ्यावर कळते. अनुभवाची वर्षे म्हणजे टन. त्यातून जे ज्ञान पक्के झाले तो उतारा. जगात जिथे जिथे वर्गाबाहेरच्या शिक्षणाला श्रेयांक देतात, तिथे उतारा तपासूनच देतात. एकच वर्ष बारा वेळा काढणारा माणूस आणि बारा वर्षांत दरवर्षी काही नवे शिकणारा माणूस यांत फरक केला जातो, आणि तो करायलाच हवा.

इतर देशांत काय झाले

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लाखो सैनिक घरी परतले. कोणी लष्करात रेडिओची दुरुस्ती शिकला होता, कोणी नकाशे काढायला, कोणी परकी भाषा. त्यांना कॉलेजात पुन्हा तेच धडे का गिरवायला लावायचे, असा प्रश्न निघाला. तेव्हा तेथील उच्च शिक्षणाच्या एका राष्ट्रीय परिषदेने लष्करातील प्रशिक्षण तपासून, कशाला किती श्रेयांक द्यावेत याची शिफारस करण्यास सुरुवात केली. ते काम आजही चालू आहे.

पुढे 1967 मध्ये तेथे 'क्लेप' नावाच्या परीक्षा सुरू झाल्या. विषय तुम्ही कुठे आणि कोणाकडून शिकलात हे त्यात विचारीत नाहीत. परीक्षा द्यायची, पुरेसे गुण पडले तर ती मानणारे कॉलेज त्या विषयाचे श्रेयांक देते. 1974 मध्ये अनुभवातून आलेले शिक्षण कसे तपासावे याचे नियम बसविण्यासाठी तेथे खास प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातून एक तत्त्व रूढ झाले: श्रेयांक अनुभवाला नाही, अनुभवातून झालेल्या शिक्षणाला. त्यासाठी उमेदवार आपली एक फाईल तयार करतो. काय शिकलो, कसे शिकलो, त्यामागचे शास्त्र काय आणि पुरावा काय, हे त्यात लिहितो. त्या विषयाचे प्राध्यापक ती तपासतात, जरूर तर तोंडी प्रश्न विचारतात.

फ्रान्सने तर 2002 मध्ये कायदाच केला. कामाच्या अनुभवावर तेथे परीक्षक मंडळासमोर जाता येते, आणि मंडळाची खात्री पटली तर पूर्ण पदविका किंवा पदवीही मिळू शकते.

आपल्याकडे वाट कुठवर आली

हाताच्या कामाला शिक्षणात मान देण्याची परंपरा महाराष्ट्रात आहेच. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी, आजोबांनी अनुभवली. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. ज्यांची शाळा सुटली त्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या वाटेने पदवीपर्यंत नेण्याचे मोठे काम त्याने केले. पण तो दाराचा प्रश्न होता, आत प्रवेश कसा मिळावा याचा. आधीच जे येते ते पदवीत मोजायचे की नाही, हा प्रश्न निराळा.

त्या दिशेने हालचाल झाली ती 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर. 2021 मध्ये श्रेयांकांची बँक आली. मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर तेथे जमा राहतात. 2023 मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. शाळा, कॉलेज आणि कौशल्य शिक्षण या तिन्ही गोष्टी त्याने एका मापात आणल्या. अनुभवातून आलेले शिक्षणही, रीतसर मूल्यमापन झाल्यावर, श्रेयांकात धरता येईल असे त्यात मान्य केले आहे. त्याआधी, 2015 पासून, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अंगी असलेले कसब तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय झाली होती.

म्हणजे वाट आखली गेली आहे. पण प्रत्येक विद्यापीठाने आपापले नियम करायचे, परीक्षक नेमायचे आणि किती श्रेयांक मानायचे ते ठरवायचे असते. पाटाला पाणी सुटले तरी आपल्या चारीपर्यंत ते आले की नाही, हे जाऊनच बघावे लागते.

मेख कुठे आहे

समजा, उद्या परीक्षकांनी आमच्या या ताईंना विचारले, "बेणेप्रक्रिया कशी करता?" त्या सांगतील, शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कार्बेन्डाझिम, दहा-पंधरा मिनिटे बेणे बुडवायचे, नंतर वेगळ्या द्रावणात अॅसिटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू. हे झाले काम. पुढचा प्रश्न येईल, "दोन्ही एकदमच का नाही करीत?" रासायनिक औषध आणि जिवाणू एकत्र आले तर जिवाणूंना अपाय होतो, म्हणून आधी औषध, मग जिवाणू. नत्र स्थिर करणारा जिवाणू कोणता, स्फुरद मोकळा करणारा काय करतो, बेणे नऊ ते अकरा महिन्यांचेच का घ्यायचे, जून बेण्याची उगवण कमी का होते, हे सांगता आले की त्या कामाचे शिक्षण झाले. श्रेयांक मिळाला तर तो या 'का'ला मिळेल.

आम्ही हे सारे त्यांना सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "का ते मला ठावं हाय. पर लिवलंय कुठं?"

बंधूंनो, खरी अडचण हीच आहे. आपल्याकडे ज्ञानाला तोटा नाही, नोंदीला आहे. 2002 साली लोकरी मावा आला, तेव्हा मित्रकीटक कोणते आणि पानावर ते दिसले की फवारणी का थांबवायची, हे आपले शेतकरी बांधावर उभे राहून शिकले. त्याची वही किती जणांकडे आहे?

आजपासून काय करावे

एक वही घाला. तारीख, काम, प्रमाण, खर्च, निकाल आणि चुकले असेल तर का चुकले, हे लिहा. चुकलेले तर जरूर लिहा. माती परीक्षणाचे अहवाल, रोपविक्रीच्या पावत्या, बँकेचे उतारे, कृषी विज्ञान केंद्र, पाडेगाव किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधील प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे एका फाईलमध्ये ठेवा. जुन्या वर्षाची गुणपत्रिका टाकून देऊ नका.

फी भरण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा: पूर्वशिक्षणाला श्रेयांक देता का? कोणत्या अभ्यासक्रमात? जास्तीत जास्त किती? तपासणी कोण आणि कशी करतो, तिची फी किती? उत्तरही लेखी घ्या. "अनुभवावर घरबसल्या पदवी" असे सांगणारा कोणी दारात आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तपासणी न करता मिळणारा कागद म्हणजे काट्यावर न चढलेला ऊस; त्याचे बिल निघत नाही. संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत पाहावे.

एक सूचना आम्ही आपल्या कारखान्यालाही करतो. ऊस विकास विभागाच्या शिबिरानंतर "उपस्थित होते" एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र मिळते. त्यावर विषय, तास आणि घेतलेली चाचणी लिहावी. कारखान्याला खर्च एका ओळीच्या शाईचा. सभासदाच्या घरच्या लेकीसुनेला मात्र उद्या ती ओळ उपयोगी पडेल.

ताईंचा अर्ज अजून गेलेला नाही. त्यांनी वही मात्र घातली आहे. पहिल्या पानावर बेणेप्रक्रिया आहे, आणि समासात 'का' लिहायला जागा सोडली आहे.