उसनवारीचे पोलीस

पूर्वी लग्नघरी शेजारपाजारची भांडी गोळा होत. कुणाचे घंगाळ, कुणाची परात, कुणाच्या सतरंज्या. भांड्यावर मालकाचे नाव कोरलेले असे आणि घरातली एखादी आत्या वही घेऊन बसे. कुणाकडून काय आले, परत काय गेले, सारे तिच्या वहीत. आत्या स्वयंपाकाला हात लावीत नसे, पण ती नसती तर पंगत बसली नसती. ब्रिटनच्या पोलीस व्यवस्थेबद्दल वाचताना मला सारखी ही आत्या आठवते.

स्कॉटलंड यार्ड म्हणजे साऱ्या इंग्लंडचे पोलीस, असा आपला एक समज असतो. शेरलॉक होम्सच्या गोष्टींनी तो पक्का केला असावा. वस्तुतः यार्ड हे लंडन महानगर पोलिसांचे मुख्यालय. इंग्लंड आणि वेल्स मिळून प्रादेशिक पोलीस दले आहेत ४३. प्रत्येकाचा प्रमुख स्वतंत्र आणि या साऱ्यांना हुकूम सोडील असा एकही राष्ट्रीय सेनापती नाही. १९६२ साली एका शाही आयोगाने ‘एकच राष्ट्रीय दल हवे का?’ हा प्रश्न तपासला. गुडहार्ट नावाच्या कायदेपंडिताने ‘हवे’ असे वेगळे मत नोंदवले, पण बहुमत विरुद्ध गेले. साऱ्या देशाची काठी एका हातात देण्याची इंग्रजांना पहिल्यापासून धास्ती.

मग मोठी दंगल झाली तर? त्यासाठी १९९६ च्या पोलीस कायद्यात उसनवारीची सोय आहे. एका प्रमुखाने दुसऱ्याकडे माणसे मागायची. आलेली माणसे मागणाऱ्याच्या हुकमतीत काम करतात आणि खर्चही मागणाराच देतो. माणसे सुटी येत नाहीत, तुकडीने येतात. १ इन्स्पेक्टर, ३ सार्जंट, १८ कॉन्स्टेबल आणि त्यांच्या गाड्या, हे आजचे माप. आत्याची वही सांभाळणारे राष्ट्रीय समन्वय केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले. २०१५ पासून ते पोलीस प्रमुखांच्या राष्ट्रीय परिषदेच्या छत्राखाली आहे. कुठल्या दलाकडे किती प्रशिक्षित माणसे मोकळी आहेत, कोण किती देऊ शकेल, याचा हिशेब तिथे असतो.

पण वही निरुपद्रवी असते असे नाही. या केंद्राचा पूर्वज १९७२ मध्ये जन्मला. त्या वर्षी फेब्रुवारीत बर्मिंगहॅमच्या सॉल्टली कोक डेपोसमोर हजारो संपकरी जमले आणि पोलिसांना फाटक बंद करावे लागले. त्या नामुष्कीनंतर लंडनमध्ये नोंदणी केंद्र उघडण्यात आले. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात त्याने दूरदूरच्या दलांतून हजारो पोलीस खाणींच्या गावांकडे धाडले. केंटचे खाणकामगार नॉटिंगहॅमशायरकडे निघाले, तर त्यांना वाटेत डार्टफर्डच्या बोगद्याशीच अडवले गेले. ‘आम्ही फक्त माणसे मोजतो,’ असे प्रमुखांचे म्हणणे. ‘तुम्ही सरकारची फौज चालवता,’ असे संपकऱ्यांचे.

मला यात संपकऱ्यांचे दुःख जास्त कळते. गावचा शिपाई लाठी उगारताना दोनदा विचार करतो, कारण उद्या त्याला त्याच गल्लीत राहायचे असते. उसना आलेला पोलीस ड्युटी संपली की गाडीत बसून जातो. १८ जून १९८४ रोजी ऑरग्रीव्ह येथे पोलीस आणि संपकरी यांच्यात मोठी चकमक झाली. त्यानंतर ९५ जणांवर भरलेले खटले पुढच्याच वर्षी कोसळले. तरी त्या दिवसाच्या चौकशीची घोषणा व्हायला २०२५ साल उजाडावे लागले.

उलट बाजूही आहे. ऑगस्ट २०११ मध्ये लंडन पेटले, तेव्हा सोमवारी रात्री रस्त्यावर सुमारे ६,००० पोलीस होते आणि ते अपुरे पडले. मंगळवारी बाहेरची कुमक धरून १६,००० झाले आणि शहर शांत झाले. मग श्रेयाचा वाद. पंतप्रधान कॅमेरॉन इटलीतली सुट्टी सोडून परतले होते. पोलीस प्रमुखांच्या तेव्हाच्या संघटनेचे अध्यक्ष सर ह्यू ऑर्ड यांनी स्पष्ट सांगितले की, डावपेचांशी नेत्यांच्या परतण्याचा काही संबंध नव्हता आणि पोलिसांच्या रजा रद्द करण्याचा अधिकार गृहमंत्र्यांना नाही. आपल्याकडे कुणी पोलीस अधिकारी असे बोलला, तर त्याची बदली कुठे होईल?

आपल्याकडेही पोलीस हा राज्यांचा विषय आणि मदत केंद्राकडून यायची. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हल्ला सुरू झाला तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दिल्लीजवळ मानेसरला होते. ते कामाला लागेपर्यंत सकाळ झाली. २००९ मध्ये मुंबईसह ४ शहरांत त्यांची केंद्रे उघडली. भांडी कोणाकडे आहेत हे ठाऊक असून भागत नाही, ती किती लांब आहेत हेही बघावे लागते.

ब्रिटनच्या उसनवारीची खरी कसोटी २०२४ मध्ये लागली. २९ जुलैला साउथपोर्ट येथे ३ लहान मुलींची हत्या झाली. हल्लेखोर होडीतून आलेला निर्वासित आहे, अशी खोटी बातमी पसरली आणि एकेका गावात दंगल उसळली. रॉदरहॅममध्ये तर निर्वासितांना ठेवलेल्या हॉटेललाच आग लावण्याचा प्रयत्न झाला. आजवर एक शहर पेटायचे आणि बाकीचे माणसे द्यायचे. इथे सगळ्या गावांत एकाच मुहूर्तावर लग्न! प्रत्येक प्रमुखापुढे एकच पेच. शेजाऱ्याला तुकड्या द्याव्यात आणि रात्री आपल्याच गावात हॉटेल पेटले तर? ‘नाही’ म्हणावे, तर उद्या आपल्याला कोण देणार? पोलीस निरीक्षणालयाने पुढे ठपका ठेवला की, देशव्यापी कुमकेची योजना आणखी लवकर अमलात यायला हवी होती. हात आखडता घेण्याचा मोह अशा वेळी कुणाला होत नाही?

७ ऑगस्टच्या संध्याकाळी अनेक शहरांत दंगली होणार अशी हाकाटी होती. दंगलविरोधी प्रशिक्षण घेतलेले सुमारे ६,००० पोलीस सज्ज होते. दुकानदारांनी दुपारीच फळ्या ठोकल्या होत्या. संध्याकाळी लंडनच्या वॉल्थमस्टो भागात हजारो माणसे रस्त्यावर आली. दंगेखोर मात्र जवळजवळ फिरकलेच नाहीत. जमलेले होते ते तिथलेच रहिवासी, वर्णद्वेषाविरुद्धचे फलक हातात घेऊन रस्ता अडवून उभे. पोलीस बाजूला थांबून होते.