फुलते, पण फळत नाही : परसातील चेरीविषयी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आठवीच्या वर्गात जास्वंदीचे फूल ब्लेडने उभे चिरून आम्हांला दाखविले होते. कुक्षी, कुक्षिवृंत, अंडाशय ही नावे फळ्यावर लिहून झाल्यावर ते म्हणाले, "फूल आले म्हणजे फळ आलेच, असे समजू नका. मध्ये बरेच घडावे लागते." पुढे मी जन्मभर मराठी शिकविले, प्रबंधही जुन्या मराठीवर लिहिला, आणि जास्वंदीचा तो तास विसरून गेलो. त्या विस्मरणापायी चेरीच्या बाबतीत आमच्या घरात दोन चुका झाल्या. एक येथे बेळगावात आणि दुसरी सातासमुद्रापार. त्यांची हकीकत सांगावी म्हणून हा विषय निवडला आहे. वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरतो. आपल्या लहानपणी बेकरीतल्या केकवर जी तांबडी, गोड 'चेरी' असे, ती बहुतेक वेळा करवंद असे. कच्च्या करवंदाची बी काढून, रंगवून, साखरेच्या पाकात मुरवले की त्याची चेरी होते. पानाच्या ठेल्यावरही तीच. आंबोलीच्या घाटात आपण जिला डोंगरची काळी मैना म्हणतो, तीच शहरात येऊन विलायती नाव घेते. दुसरी चेरी म्हणजे पुष्कळांच्या अंगणातील 'सिंगापूर चेरी'. तिची वाटाण्याएवढी लाल फळे मुले आणि बुलबुल वाटून खातात. हे झाड मूळचे उष्ण अमेरिकेतले. सिंगापूरशी त्याचा जन्मसंबंध नाही आणि चेरीशीही नाही. खरी गोड चेरी गुलाबाच्या कुळातली, बदाम, जर्दाळू आणि आलुबुखार यांची सख्खी नातलग. काश्मिरात तिला गिलास म्हणतात. आयुर्वेदातील पद्मक हेही हिमालयातील एका रानचेरीचेच लाकूड.

इंग्रजी शब्दाची एक गंमत भाषेच्या मास्तराला सांगितल्यावाचून राहवत नाही. नॉर्मन फ्रेंचमधील 'शेरीझ' हा शब्द एकवचनी असूनही इंग्रजांना त्याच्या शेवटचा 'स' अनेकवचनाचा वाटला. त्यांनी तो गाळला आणि 'चेरी' हे एकवचन घडविले. शब्दाचा जन्मच असा गैरसमजातून झाला आहे.

आता पहिली चूक. १९९६ साली एका चर्चासत्रासाठी मी सिमल्यास गेलो होतो. परतताना एका रोपवाटिकेतून चेरीची दोन कलमे आणली. "कुठेही लागेल," असे विक्रेता म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. टिळकवाडीच्या परसात, विहिरीच्या कडेला, ती लावली. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात पाने गळावयास हवी होती, ती अर्धीमुर्धी गळली. फेब्रुवारीत एका फांदीला पालवी, दुसरी निजलेली, तिसरी वाळलेली. फूल एकही नाही. चौथ्या पावसाळ्यात बुंध्यातून डिंक वाहू लागला आणि गणपतीपर्यंत दोन्ही झाडे गेली.

असे का व्हावे? थंड मुलखातले हे झाड शरद ऋतूत पाने टाकून झोपी जाते, आणि ही झोप पुरी झाल्यावाचून उठत नाही. झोपेचे माप तासांत करतात. शून्य ते सात अंश सेल्सिअस या दरम्यानचे तास मोजीत जायचे. गोड चेरीच्या बहुतेक जातींना असे सातशे ते हजार तास, काहींना त्याहूनही अधिक लागतात. बेळगावात पारा दहा अंशांखाली क्वचित उतरतो, तेव्हा आपले खाते जवळजवळ कोरेच. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी मला विचारले होते की, तिकडे तर कडाक्याची थंडी पडते, मग का येऊ नये? उत्तर असे की, तिकडची थंडी रात्रीची आणि थोड्या आठवड्यांची. दुपारी ऊन तापले की पहाटे जमा झालेल्या तासांतले काही वजा होतात. शिवाय मे महिन्यातील लू आहेच. कॅलिफोर्नियात 'मिनी रॉयल' आणि 'रॉयल ली' या कमी थंडीवर भागणाऱ्या जाती निघाल्या आहेत. त्यांनाही दोनशे-तीनशे तास लागतात. म्हणून बेळगाव, गोवे, बडोदे, हैदराबाद येथल्या मंडळींनी चेरीचा नाद सोडावा आणि कुंपणाला करवंद लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पावसाचाही तिला जाच होतो. साचलेल्या पाण्यात चेरीची मुळे गुदमरतात, आणि आपला पाऊस नेमका झाड पानावर असताना पडतो.

दुसरी चूक घडली ती चेरीच्या माहेरघरी म्हणावे अशा ठिकाणी. माझी लेक अमेरिकेत ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या दक्षिणेस राहते. तेथे हिवाळा थंड आणि ओला, उन्हाळा कोरडा. चेरीला हवा तसा. २०१० साली घर घेतल्यावर जावयांनी परसात 'बिंग' जातीचे कलम लावले. २०१३ पासून ते फुलू लागले. एप्रिलच्या आरंभी पानांच्या आधी फुलांनी झाड पांढरे होई, आणि जूनमध्ये फांद्या रित्या. कोणी सांगितले, चेरीला सोबत लागते, दुसरे झाड लावा. म्हणून २०१४ साली दुकानातून 'लॅम्बर्ट' आणले. २०१८ च्या वसंतात मी तेथे होतो. दोन्ही झाडे शेजारी शेजारी फुलली होती, मधमाश्या घोंघावत होत्या, आणि जूनमध्ये पुन्हा शून्य. वाटाण्याएवढी हिरवी फळे धरल्यासारखी दिसली, पिवळी पडली आणि गळाली. जावई म्हणाले, "बाबा, येत्या हिवाळ्यात दोन्ही तोडून टाकतो. जागा तरी मोकळी होईल." लेक काही बोलली नाही. पहिले झाड लावले त्या वर्षी नात जन्मली होती.

तेव्हा मला जास्वंदीचा तास आठवला. मध्ये जे घडावे लागते, ते घडत नव्हते.

गोड चेरीच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात, तरी बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य मानतात, तसेच काहीसे. (माणसांच्या बाबतीत मला त्या नियमाचे फारसे अगत्य नाही, झाडांच्या बाबतीत मात्र तो टळत नाही.) प्रत्येक झाडापाशी वारशाने आलेल्या दोन खुणा असतात आणि शास्त्रज्ञ त्यांना क्रमांक देतात. परागकणात त्यांतली एकच खूण येते. पराग कुक्षीवर पडला की तो रुजतो, त्यातून परागनलिका निघते आणि कुक्षिवृंतातून अंडाशयाकडे उतरू लागते. परागाची खूण कुक्षिवृंताच्या दोन खुणांपैकी एखादीशी जुळली, तर तेथले एक द्रव्य त्या नलिकेची वाढ वाटेतच थांबविते. बिंगच्या खुणा तीन आणि चार. लॅम्बर्टच्याही तीन आणि चारच. तेथे रॉयल अ‍ॅन म्हणून विकली जाणारी पिवळसर नेपोलियन चेरी, तिच्याही त्याच. ही तीन झाडे एकत्र लावली, तरी शंभर वर्षांत एकमेकांना फळू देणार नाहीत. 'दुसरे झाड लावा' हा सल्ला म्हणून अर्धाच खरा होता. दुसऱ्या गोत्राचे लावा, असे सांगावयास हवे होते. 'व्हॅन' जातीच्या खुणा एक आणि तीन. तिच्या परागांपैकी निम्मे एक क्रमांकाचे, ते बिंगला चालतात. आणखी एक वाट आहे. इंग्लंडमधील संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने चार क्रमांकाची खूण निकामी झालेली रोपे मिळविली. त्यांपैकी एकाचा लॅम्बर्टशी संकर करून कॅनडातील समरलँड येथे 'स्टेला' ही जात निर्माण झाली आणि १९६८ साली प्रसृत झाली. तिला स्वतःचा पराग चालतो. ज्यांच्या परसात एकाच झाडापुरती जागा आहे, त्यांनी स्टेला किंवा तिची वंशज 'लॅपिन्स' लावावी.

बिंग या नावाविषयी थोडे सांगतो. लेकीच्या घरापासून जवळच मिलवॉकी नावाचे गाव आहे (विस्कॉन्सिनमधील मोठे शहर ते वेगळे). हेंडरसन लुएलिंग नावाच्या गृहस्थाने १८४७ साली बैलगाडीतून सुमारे सातशे फळझाडांची रोपे आयोवापासून ऑरेगनपर्यंत, वाटेत पाणी घालीत, आणली. त्याचा भाऊ सेथ याने १८७५ च्या सुमारास त्या मळ्यात ही चेरी निवडली आणि आपल्या चिनी मुकादमाचे, आह बिंगचे, नाव तिला दिले. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली. १८८९ च्या सुमारास आह बिंग आपल्या कुटुंबाला भेटावयास चीनला गेला आणि त्याला परत येता आले नाही. त्याचे नाव असलेली फळे आज त्या देशातल्या प्रत्येक बाजारात मिळतात. सीमाभागात वाढलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट वाचून दोन दिवस दुसरे काही सुचले नव्हते.

झाडे तोडली नाहीत. गावातल्या एका वृद्ध बागायतदाराने व्हॅनच्या निजलेल्या काड्या दिल्या. ओल्या कागदात गुंडाळून त्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि २०१९ च्या मार्चमध्ये बिंगच्या दोन फांद्यांवर पाचर कलमे केली. त्यांतले एक लागले. नवे झाड वाढण्याची वाट पाहण्यापेक्षा हा उपाय स्वस्त. निकड असेल तर फुललेल्या परजातीच्या डहाळ्या पाण्याच्या बादलीत घालून झाडाखाली ठेवतात. मधमाश्या उरलेले काम करतात, मात्र हवा उबदार हवी. थंड पावसात त्या पोळ्याबाहेर पडत नाहीत.

लावणीविषयी थोडक्यात. पुरे ऊन हवे. माती जड असेल तर उंचवटा करून त्यावर लावावे. कलमाचा सांधा मातीवर राहू द्यावा. रानचेरीच्या खुंटावरचे झाड तीस फुटांवर जाते आणि फळ हाती लागत नाही. परसासाठी 'गिसेला पाच'सारखा ठेंगणा खुंट बरा. छाटणी कोरड्या उन्हाळ्यात, फळे उतरल्यावर करावी. ओल्या हिवाळ्यात केलेल्या जखमांतून रोग शिरतो. फळे आखूड, गाठीगाठीच्या उपफांद्यांवर येतात आणि त्या कित्येक वर्षे फळत राहतात. म्हणून तोडताना फळ देठासकट वळवून घ्यावे, गाठ मोडू नये. चेरीची आंब्यासारखी आढी लावता येत नाही; तोडल्यावर ती पिकत नाही. तेव्हा चाखून पाहून मगच उतरवावी. पिकत्या फळावर पाऊस पडला तर ते पाणी शोषून तडकते. त्यावर परसात फारसा इलाज नाही.

२०२१ साली व्हॅनची फांदी प्रथम फुलली. प्रवास बंद असल्याने बिंगची अकरा फळे मी फोनवरच्या छायाचित्रात मोजली. २०२२ च्या एप्रिलमध्ये ऐन बहरात तेथे बर्फ पडला आणि सगळे गेले. २०२३ साली मी जाऊ शकलो. नात तेरा वर्षांची झाली होती. शिडीवर तीच चढली. दोन पातेली बिंग निघाली, आणि लॅम्बर्टलाही बऱ्यापैकी आली. व्हॅनची फळे आधी पिकली होती आणि आम्ही जाळे घालण्यापूर्वीच रॉबिन पक्ष्यांनी संपविली होती. जाळे फळांना पहिली लाली दिसताच घालावे.