हॅलो म्हणजे काय? हॅलो शब्दाचा अर्थ, वापर आणि खरा इतिहास

फोन उचलला की आपण सगळ्यात आधी काय बोलतो? हॅलो! पण हा शब्द आला कुठून असं विचारलं, की बरेच जण मला व्हॉट्सॲपवर फिरणारी एक गोष्ट सांगतात. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं आणि त्याने फोनवर पहिल्यांदा तिचंच नाव घेतलं म्हणे. गोष्ट गोड आहे, पण खोटी आहे. चला तर मग, खरं काय ते बघूया.

हॅलोचा अर्थ आणि वापर

हॅलो म्हणजे नमस्कार. 'हाय' मित्रांमध्ये चालतं. इंटरव्ह्यूला किंवा अनोळखी माणसाशी बोलताना हॅलो जास्त शोभतं. आवाज पोहोचतोय का, हे बघायलाही आपण हाच शब्द वापरतो. रेंज गेली की "हॅलो... हॅलो..." आणि गणपतीच्या मांडवात "हॅलो, माइक टेस्टिंग!"

हॅलो शब्द आला कुठून?

इंग्रजीत लांबच्या माणसाला हाक मारायला हॅलो, हॉलो, होला असे शब्द आधीपासून होते. हॅलो हे रूप अमेरिकेत 1820 च्या दशकात छापलेलं सापडतं. फोन आला 1876 मध्ये. म्हणजे शब्द फोनपेक्षा सुमारे 50 वर्षांनी जुना!

10 मार्च 1876 ला बेल फोनवर पहिल्यांदा बोलला, तो आपला सहकारी वॉटसनशी. त्याला त्याने खोलीत बोलावलं. बेलचं लग्न 1877 मध्ये मेबल हबर्डशी झालं. लहानपणीच्या आजारामुळे तिला ऐकूच येत नव्हतं.

मग फोनवर हॅलो कोणी आणलं?

थॉमस एडिसनने. 15 ऑगस्ट 1877 च्या पत्रात त्याने लिहिलं, की फोनला घंटी लागणार नाही, कारण हॅलो ही हाक 10 ते 20 फुटांवरूनही ऐकू येते. बेलला मात्र खलाशांची 'अहॉय' ही हाक आवडायची. ऐकायला आपल्या 'अहो'सारखीच, पण दोघांचं नातं काही नाही. शेवटी लोकांनी हॅलोच उचललं.

तर मित्रांनो, असा मेसेज आला की फॉरवर्ड करण्याआधी नाव आणि साल सर्च करून बघा. दोन मिनिटं लागतात. आणि मार्गारेटची गोष्ट फॅमिली ग्रुपवर पुन्हा आलीच, तर ही माहिती तिथे नक्की शेअर करा!