तारा धरणारें यंत्र

भोकरदनचा अक्षांश सुमारें सव्वावीस आहे. म्हणून येथें रात्रीं उत्तरेकडे तोंड करून उभें राहिलें असतां ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारें वीस अंशांवर दिसतो. हात ताठ धरला असतां मुठीची रुंदी आकाशांत जवळजवळ दहा अंश व्यापते. म्हणजे क्षितिजावर दोन मुठी रचल्या कीं ध्रुव सांपडला! ताऱ्याची अशी उंची मोजून तीवरून वेळ काढण्यासाठीं प्राचीन ग्रीकांनीं जें यंत्र योजिलें, त्याचें नांव ‘आस्त्रोलाबोस’.

‘आस्त्रोन’ म्हणजे तारा आणि ‘लाब’ म्हणजे घेणें, धरणें. एकूण अर्थ ‘तारा धरणारें’. यांतील पहिलें पद आपणांस परकें नाहीं. ऋग्वेदांतील ‘स्तृ’, फारसींतील ‘सितारा’ आणि आपली ‘तारा’ हीं त्याचींच भावंडें होत. दुसरें पद ऐकून संस्कृतांतील ‘लभ्’ धातु कोणासही आठवेल. तेथें मात्र सावध राहावें. ध्वनि व अर्थ जुळत असूनही भाषाशास्त्रज्ञ आतां या दोन धातूंचें मूळ निराळें मानतात.

दुसऱ्या शतकांतील टॉलेमीनें हें नांव एकांत एक बसविलेल्या कड्यांच्या यंत्राला दिलें होतें. पुढें तें सपाट तबकडीच्या यंत्राकडे गेलें. या तबकडीवरील जुन्यांत जुना उपलब्ध ग्रंथ सहाव्या शतकांतील अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसचा आहे. यंत्रामागील कल्पना मोठी सुंदर आहे. खगोलाच्या दक्षिण ध्रुवावर डोळा ठेवून सारें आकाश विषुववृत्ताच्या पातळीवर रेखाटलें, तर गोलावरील वर्तुळें कागदावरही वर्तुळेंच (किंवा क्वचित् सरळ रेषा) राहतात. त्यामुळें कंपास व पट्टी एवढ्या साधनांनीं आकाशाचा नकाशा काढतां येतो.

खालच्या तबकडीवर क्षितिज व उंचीचीं वर्तुळें कोरलेलीं असतात. तिच्यावर ताऱ्यांचीं टोकें असलेली जाळी फिरते. यंत्र कडीनें टांगावयाचें, पाठीमागच्या पट्टीच्या छिद्रांतून तारा पाहून उंची वाचावयाची, मग जाळी फिरवून त्या ताऱ्याचें टोक तितक्याच उंचीच्या वर्तुळावर आणावयाचें, कीं त्या क्षणाचें आकाश तळहातावर उभें राहतें. सूर्याचें स्थान त्या दिवसाच्या राशि-अंशावरून घेतलें म्हणजे वेळ कळली.

अरबांनीं शब्द उचलला तो ‘अस्तुरलाब’ असा. मूळ ग्रीक अर्थ ज्यांस ठाऊक नव्हता त्यांनीं एक कथा रचली: ‘अस्तुर’ म्हणजे ओळी, आणि ‘लाब’ हें इद्रीसाच्या पुत्राचें नांव, म्हणून ‘लाबच्या ओळी’! शब्दाचें मूळ विसरलें कीं त्याला नवे आईबाप मिळतात. आपल्याकडेही असे प्रकार कमी नाहींत.

भारतांत फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयानें जैन पंडित महेंद्रसूरीनें इ. स. 1370 मध्यें या यंत्रावर संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यानें नांवाचें भाषांतर केलें नाहीं, सरळ ‘यंत्रराज’ ही पदवी दिली. नांवांत परकेपणाची खूणही उरली नाहीं. परंतु यवनांनीं आपापल्या भाषांत असे ग्रंथ रचले असून आपण त्यांचें सार देत आहों, हें त्यानें आरंभींच प्रांजळपणें सांगितलें.

हा प्रांजळपणा आज आठवावासा वाटतो. ‘सारें ज्योतिष आमचेंच’ म्हणणारे आणि ‘सारें उसनें’ म्हणणारे, दोघेही मला सारखेच घाईचे वाटतात. ‘होरा’, ‘केंद्र’, ‘लिप्ता’, ‘द्रेष्काण’ हे वराहमिहिराच्या ग्रंथांतील शब्द ग्रीकच आहेत. उलट, इ. स. 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ंत भास्कराचार्यांनीं वेळ काढण्यासाठीं जें फलकयंत्र सांगितलें, तें त्यांच्या स्वतःच्या बुद्धीचें. देवघेव तर आपल्या दारांतूनच चाले. भोकरदन म्हणजे जुनें भोगवर्धन. येथील दात्यांचीं नांवें सांची व भारहूत येथील लेखांत आहेत. 1973 सालच्या उत्खननांत येथें सांपडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति इ. स. 79 मध्यें गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांतील भारतीय मूर्तीशीं मिळतीजुळती आहे. कार्ल्याच्या लेण्यांत तर यवन दात्यांनीं खांबांवर आपलीं नांवें कोरविलीं.

जयपुरास सवाई जयसिंहाच्या वेधशाळेंत माणसाहून उंच असा धातूचा यंत्रराज आजही टांगलेला आहे. तो जयपुरच्या अक्षांशाचा, म्हणजे सुमारें 27 अंशांचा. तो येथें आणून टांगला तर उंची बरोबर मोजील, परंतु वेळ चुकीची सांगेल; कारण दर अक्षांशास तबकडी निराळी लागते. भोकरदनची तबकडी सव्वावीस अंशांचीच हवी. जाड पुठ्ठा, कंपास, एक खिळा आणि दोरा एवढें असेल, तर ती शाळेंतील मुलांनाही करतां येते.