चेक इंजिनचा दिवा लागला? आधी कोड वाचा, मग पार्ट बदला

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. विषय आहे डॅशबोर्डवरचा तो इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा.

हा दिवा लागला की काही जण महिनोन्‌महिने तशीच गाडी पळवतात. काही जण मोबाईलवर कोड बघतात आणि लगेच ‘सेन्सर गेला’ म्हणून मोकळे होतात. दोन्हीकडे खिशाला चाट बसते. कोड फक्त लक्षण सांगतो. अंगात ताप आहे एवढंच थर्मामीटर सांगतं, तो कशामुळे आलाय ते शोधावं लागतं. तसंच हे आहे.

आधी तातडीचं. समजा तुम्ही धुळ्याहून मालेगावकडे निघालात, लळिंगच्या घाटात दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी झटके द्यायला लागली. याचा अर्थ एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग आतून वितळू शकतो. अॅक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर हळू घरी जाता येतं. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद.

आता कोड वाचू. भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात छोटं अडॅप्टर लावायचं, इग्निशन ऑन करायचं आणि मोबाईलच्या अॅपवर कोड बघायचा.

समजा ‘पी०३०३’ आला. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पहिलं ‘०’ म्हणजे सगळ्या कंपन्यांत सारखा अर्थ; तिथे ‘१’ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा कोड. पुढचा ‘३’ म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर. शेवटचे ‘०३’ म्हणजे तिसरा सिलिंडर. पण दोष कॉइलचा, प्लगचा की इंजेक्टरचा? प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर इंजिन थंड झाल्यावर तिसरी आणि पहिली कॉइल अदलाबदल करा. कोड ‘पी०३०१’ झाला, तर कॉइलच खराब. तिसऱ्यावरच राहिला, तर प्लगची अदलाबदल करून बघा. खर्च शून्य!

दुसरा नेहमीचा कोड ‘पी०१७१’. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. इथे बऱ्याचदा बिचारा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. अहो, त्यानेच तर तक्रार कळवलेली असते! अॅपमध्ये ‘फ्युएल ट्रिम’ बघा. गाडी आयडलवर असताना आकडा +२० टक्क्यांच्या आसपास आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर कुठून तरी हवा आत शिरतेय. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यात बॉनेटखालची उष्णता. रबरी पाइप कडक होऊन चिरतात. ते आधी तपासा. उलट, लोड वाढला की आकडाही वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय. मग फिल्टर आणि पंपाकडे बघा.

आणि एक सांगतो भो, घाईघाईत ‘क्लिअर’ दाबू नका. बिघाड झाला त्या क्षणाचा वेग, तापमान, आरपीएम ही ‘फ्रीझ फ्रेम’ माहितीही त्यासोबत पुसली जाते. आधी स्क्रीनशॉट काढा. जुनी गाडी घेतानाही हे कामाला येतं: कोड एकही नाही, पण बऱ्याच तपासण्या ‘नॉट रेडी’ दिसतात, तर कोड नुकतेच पुसले असतील किंवा बॅटरी काढली असेल. मालकाला सरळ विचारा.

गॅरेजला गेलात की तो स्क्रीनशॉट मिस्त्रीभाऊंना दाखवा आणि पार्ट बदलण्याआधी एकच प्रश्न विचारा: ‘भाऊ, काय तपासून हा पार्ट ठरवला?’ चांगला मिस्त्री आनंदाने सांगतो.

तुमच्या गाडीने कोणता कोड दाखवला, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. भेटू पुढच्या भागात!