न उमटलेली रेघ

‘किटवर एकच रेघ आली, म्हणजे सुटलो ना?’ एका आईने पत्रातून विचारलंय. मुलगा अकरावीत. दप्तराच्या आतल्या कप्प्यात गोगो सापडले. (गोगो म्हणजे गांजा भरायची कागदी नळकांडी. हा शब्द पालकांनी ऐकलेला नसतो आणि मुलांना पाठ असतो.) रडारड झाली. सहा-सात महिने, जवळजवळ रोज ओढत होतो, असं मुलाने कबूल केलं आणि देवासमोर शपथ घेऊन ‘सोडला’ म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी आईने मेडिकलमधून लघवीची तपासणी किट आणली.

आधी वाईट बातमी. गरोदरपणाच्या चाचणीत दुसरी रेघ उमटली की ‘आहे’. इथे नेमकं उलटं. पट्टीवर गांजाचा अंश आधीच चिकटवलेला असतो आणि त्याला पकडणारी रंगीत प्रतिपिंडं लघवीबरोबर वर सरकतात. लघवी स्वच्छ असेल तर ती त्या चिकटवलेल्या अंशाला जाऊन बिलगतात आणि रेघ दिसते. लघवीतच अंश असेल तर ती वाटेतच गुंततात, रेघेच्या जागी पोचतात तेव्हा त्यांचे हात भरलेले असतात. एकच रेघ म्हणजे फक्त ‘किट चालू आहे’ सांगणारी रेघ. तपासणी पॉझिटिव्ह.

आता चांगली बातमी: तरीही मुलगा खरं बोलत असू शकतो.

त्याचं कारण समजायला १९६४ सालात जावं लागेल, आणि ते मला आवडेलच. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं काढलं गेलं, कोकच्या पानांतून कोकेन १८६०च्या सुमारास. ही द्रव्यं क्षाराच्या रूपात स्फटिक होऊन बसतात, हाताळायला सोपी. गांजातलं नशेचं द्रव्य मात्र चिकट, तेलकट. शंभर वर्षं रसायनशास्त्रज्ञांच्या बोटांतून निसटत राहिलं. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत राफाएल मेशुलाम नावाच्या तरुण संशोधकाने पोलिसांकडून जप्तीचं पाच किलो लेबनीज हशिश, म्हणजे चरस, मिळवलं आणि पिशवीत घालून चक्क बसने प्रयोगशाळेत नेलं. हा वास कसला, म्हणून प्रवासी इकडेतिकडे बघू लागले. परवानगी पोलिसांकडून नव्हे, आरोग्य खात्याकडून घ्यायला हवी होती, हे त्याला नंतर कळलं. त्या हशिशमधून मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते नशेचं द्रव्य, टीएचसी, शुद्ध रूपात वेगळं काढून त्याची रचना मांडली.

हाच तेलकटपणा तुमच्या किटपर्यंत येतो. दारू पाण्यात विरघळते, काही तासांत जाते. टीएचसी शरीरातल्या चरबीत जाऊन बसतं आणि तिथून सावकाश झिरपत राहतं. लोणचं ठेवलेला प्लास्टिकचा डबा चारदा घासला तरी वास देतो, तसं. एकदाच ओढलेल्याची खूण दोन-तीन दिवसांत जाते. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ती महिनाभरही सापडू शकते. तेव्हा तीन आठवड्यांनंतरची ती पट्टी शपथ मोडल्याचा पुरावा होत नाही. पाळल्याचाही नाही.

पत्रात पुढे एक वाक्य आहे, त्यावर मी जास्त थांबलो: ‘ओढत होता तेव्हा निदान शांत तरी होता. सोडल्यापासून अंगावर येतो, जेवत नाही, रात्रभर टक्क जागा. आता दुसरं काही घेतो की काय?’

यासाठी एका पंगतीत बसू या. वाढपी जिलब्या घेऊन येतो, वाढतच सुटतो. मग आपण पानावर हात आडवा धरतो आणि तो पुढे सरकतो. मेंदूतही हेच चालतं. एक पेशी दुसरीला रासायनिक निरोप वाढते. पुरेसं झालं की घेणारी पेशी उलट दिशेने ‘पुरे’चा रेणू पाठवते. असा एक रेणू १९९२ मध्ये मेशुलामच्याच प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून सापडला आणि त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत ‘आनंदा’वरून. तो पेशीवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतो ती आधीच, १९८८ मध्ये, अमेरिकेत ॲलिन हाऊलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी दाखवून दिली होती. गांजाच्या गोष्टीत हाऊलेटबाईंचं नाव फारसं घेतलं जात नाही, म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

टीएचसी काय करतं? एका पानापुरता, क्षणभर धरायचा हात ते अख्ख्या पंगतीवर तासन्‌तास धरून ठेवतं. रोज असं झालं की वाढपी निर्ढावतात: मेंदू त्या ग्राही कमी करतो. मग एक दिवस गांजा बंद होतो आणि खऱ्या, नाजूक हाताला कोणी जुमानत नाही. चिडचिड, भूक मेलेली, झोप उडालेली, झोप लागलीच तर भलभलती स्वप्नं. हे पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात कळसाला पोचतं आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. झोप रुळावर यायला कधी त्याहून जास्त वेळ लागतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या त्रासाला २०१३ पर्यंत जागाच नव्हती, मग आईला तो ओळखू आला नाही यात नवल काय! रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली तेव्हा सुमारे चार आठवडे न ओढल्यावर ग्राहींची संख्या जवळपास पूर्ववत झालेली दिसली. ही माणसं प्रौढ होती, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

तेव्हा अंगावर येणारा तो मुलगा बहुधा खरंच सोडत होता.

‘गांजाने बुद्ध्यांक आठने घसरतो’ हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. त्याचा उगम न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिनच्या २०१२च्या अभ्यासात आहे. ती घसरण किशोरवयात सुरू करून अडतिसाव्या वर्षापर्यंत वर्षानुवर्षं आहारी राहिलेल्यांची होती. पुढे २०१६ मध्ये अमेरिकी जुळ्यांची तुलना झाली, तेव्हा ओढणारं भावंड न ओढणाऱ्यापेक्षा मागे पडल्याचं दिसलं नाही. हा आकडा मुलाच्या तोंडावर फेकू नका. तो इंटरनेटवर पाच मिनिटांत खोडून काढेल आणि मग तुमचं खरं बोलणंही ऐकणार नाही. खरं बोलणं हे: कोवळ्या वयात, रोज आणि तीव्र माल ओढणाऱ्यांमध्ये मनोविकृतीचा धोका वाढलेला पुन्हा पुन्हा दिसलाय. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर जास्तच. मुलाला आवाज ऐकू येत असतील, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटत असेल, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे. आणि ‘शंकराचा प्रसाद’ हा त्याचा युक्तिवाद? अमेरिकेत जप्त झालेल्या मालात टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५ मध्ये ४ टक्के होतं, २०१४ मध्ये १२ टक्के. एकाच नावाखाली तिप्पट तीव्र वस्तू विकली जात होती, एवढं त्याच्याशी बोलता येईल.

बोलायचं कसं, याचाही अभ्यास झालाय. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने १९९३ मध्ये दारू पिणाऱ्या प्रौढांबरोबरची समुपदेशनं तपासली. समुपदेशक जितका अंगावर जाई, आरोप करी, तितका तो माणूस वर्षभरानंतर जास्त पीत होता. दारूवरून गांजावर, प्रौढांवरून मुलांवर उडी मारणं धोक्याचं, पण आपल्या घरातली ‘तुला लाज कशी वाटली नाही’ची मैफल आठवली की मला हा निकाल ओळखीचा वाटतो. त्याऐवजी विचारा: ओढल्यावर काय बरं वाटायचं? झोपेसाठी ओढायचा, क्लासच्या ताणासाठी, की मित्रांत एकटा पडू नये म्हणून? उत्तर येईपर्यंत गप्प बसणं हे यातलं सगळ्यात अवघड काम.

एकट्याने निभवायची गरज नाही. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. व्यसनमुक्तीसाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन १४४४६. पोलिसांच्या भीतीने लोक उपचार टाळतात, म्हणून हेही: अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणातल्या मालासाठी पकडल्या गेलेल्या व्यसनीला, त्याने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर, खटल्यापासून संरक्षण देतं.

तपासणी हवीच असेल तर मुलाला सांगून, डॉक्टरांमार्फत लॅबमध्ये करा. तिथे गांजाच्या अंशाचं, लघवी किती पातळ आहे ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनशी असलेलं गुणोत्तर काढून काही दिवसांच्या अंतराने दोन नमुने ताडून पाहता येतात. आकडा उतरत असेल तर जुनंच झिरपतंय. उसळला तर नवं.

राहिला ताजा कलमातला प्रश्न: ‘परवापासून रात्री दोनला उठून स्वयंपाकघरात उरलेला भात फोडणीला टाकतो. ओरडू का?’ नका. भूक परत आलेली दिसते. जाग्या असाल तर उठून शेजारी बसा, आणि थोडा जास्तच करायला सांगा. चहा मात्र नको, झोप अजून यायची आहे.