कोकणात अख्खी बोट भाड्यानं घेताय? पैसे ठरवायच्या आधी माणसं मोजा

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईच्या तोंडापर्यंत पूर्ण सुरू झाला. तेव्हापासून आपल्या भागातल्या लोकांना समुद्र जवळ वाटू लागला आहे. आधी शेगाव, पंढरपूर, फार तर तिरुपती एवढंच ठरलेलं असायचं. आता सोयाबीनचा हिशोब झाला, कापसाची पहिली वेचणी आटोपली की चार-पाच घरं मिळून दोन गाड्या करतात आणि मालवण, तारकर्ली, अलिबाग नाहीतर गोव्याकडं निघतात. जायला हरकत काहीच नाही. वर्षभर शेतात राबणाऱ्या माणसानं चार दिवस समुद्र पाहावा.

तिथं किनाऱ्यावर उतरलं की पहिल्या अर्ध्या तासात कोणीतरी येऊन विचारतो, "दादा, सेपरेट बोट पाहिजे का? फक्त तुमची फॅमिली." हे सेपरेट बोटीचं प्रकरण नेमकं काय असतं, पैसे कसे ठरतात, काय विचारायचं, हे आपल्याकडच्या बहुतेकांना माहीत नसतं. आपल्याकडं समुद्र नाही, त्यामुळं माहीत नसणं साहजिक आहे. म्हणून हा लेख.

बोट भाड्यानं मिळायचे दोन प्रकार आहेत. एक, माणशी तिकीट. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यात जायला अशाच बोटी असतात. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला समुद्रातल्या बेटावर आहे, दुसरी वाटच नाही. तिकीट काढा, रांगेत बसा, जा, या. दुसरा प्रकार म्हणजे अख्खी बोट ठराविक वेळेसाठी आपल्या नावावर. देवबाग-तारकर्लीला डॉल्फिन दाखवणं, कर्ली नदीच्या मुखाजवळचं त्सुनामी बेट, पलीकडं भोगवे, निवतीचा किल्ला असा फेरा मारतात. मुंबईत गेटवेजवळ आणि पणजीला मांडवीत तर चक्क यॉट मिळते. यॉट म्हणजे श्रीमंतांची सफरीची बोट, काही शिडाच्या, काही इंजिनाच्या, आत बसायला गाद्या, कुठं कुठं झोपायची खोलीसुद्धा. पिच्चरमध्ये हिरो-हिरोइन नाचतात तीच. ती तासाच्या भावानं मिळते. सगळे मिळून वर्गणी काढली तर एक तास परवडू शकतो, म्हणून हल्ली वाढदिवस, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असलं निमित्त काढून आपल्याकडचे लोकही घेऊ लागले आहेत. एक लक्षात ठेवा, यॉट बहुतेक वेळा धक्क्याला लागलेली नसते, आत पाण्यात नांगर टाकून उभी असते. लहान बोटीतून तिथवर नेतात आणि हलत्या बोटीतून हलत्या बोटीत चढावं लागतं. गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्या माणसाला हे जमेल का, ते पैसे द्यायच्या आधी विचारा.

आता मुद्द्याचं. अख्खी बोट घेतली की आपल्या डोक्यात ट्रॅक्टरची ट्रॉली येते. ट्रॉली आपण केली, मग त्यात दहा बसो की तीस, कोणाला काय करायचं? बोटीचं तसं नाही. बोट आपल्या नावावर झाली तरी तिच्यात किती माणसं बसायची हा आकडा आपल्या हातात नाही आणि बोटवाल्याच्याही हातात नाही. तो परवान्यावर लिहिलेला असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं, मालवणसारख्या ठिकाणी बंदर निरीक्षकाचं ऑफिस असतं. गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स नावाचं खातं आहे. बोटीची तपासणी होते आणि प्रवासी इतके, खलाशी इतके, असं ठरवून दिलं जातं. कडेवरचं लेकरूही माणूसच. त्याच्यासाठी वेगळं जाकीट लागतं, म्हणून मोजताना त्याला सोडू नका.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावचे १७ जण तिकडं गेलो होतो. बोटीचा परवाना १० प्रवाशांचा. बोटवाला म्हणे, "अख्खी घेताय ना, मग बसा सगळे, काही होत नाही." आमच्यातले तरणे पोरं लगेच तयार, कारण हिशोब सोपा होता. समजा बोट ३००० रुपयांना ठरली, तर १७ जणांत माणशी पावणेदोनशेच्या आसपास. दोन बोटी केल्या तर साडेतीनशे. आमच्या गटातल्या एक काकू मात्र खालीच बसल्या. म्हणाल्या, "मी बंडीत जास्तीचं पोतं टाकू देत नाही, अन् तुम्ही मले पाण्यात टाकता?" झालं, दोन बोटी झाल्या. पावणेदोनशे रुपयांचा फरक होता, एवढ्यात आज धाब्यावर एक जेवणही धड होत नाही.

जास्त माणसं बसली तर नेमकं होतं काय, हेही समजून घेतलं पाहिजे. नुसती बोट खाली दबते असं नाही. भरल्या बोटीची काठ आणि पाणी यांच्यातलं अंतर कमी होतं, म्हणजे जी लाट आधी बाहेर आपटून गेली असती ती आता आत येते. आत आलेलं पाणी एका जागी थांबत नाही, बोट ज्या बाजूला कलेल तिकडंच धावतं आणि तिला आणखी कलवतं. त्यात कोणीतरी ओरडतं, "तो पाहा डॉल्फिन!" आणि सगळे उठून एकाच काठाला येतात. बंडीत कडबा उंच रचला आणि एक चाक खड्ड्यात गेलं तर काय होतं, ते शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. माणूस उभा राहिला की वजन तेवढंच राहतं, पण ते वर जातं. म्हणून बोटवाला "बसून घ्या" म्हणतो तेव्हा तो आपल्यावर साहेबी करत नसतो.

हे फक्त समुद्राचं दुखणं नाही. आपल्याच भागातली यादी आठवा. ९ जुलै २०१७ ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात एका डोंग्यात ११ जण होते, बहुतेक तरणी पोरं, पाण्यातून मोबाईलवर लाइव्ह करत होती. डोंगा उलटला, त्यातले बहुतेक परत आले नाहीत. १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेले नातेवाईक होते, ११ जण गेले. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडं निघाल्या होत्या. त्या तर फिरायलाही निघाल्या नव्हत्या, मजुरीला निघाल्या होत्या. सहा जणी बुडाल्या. आणि १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली. धडक बोटवाल्याची चूक नव्हती. पण ८४ प्रवाशांचा परवाना असलेल्या बोटीत शंभराच्या वर माणसं होती. १५ जणांचा जीव गेला. अपघात कोणाच्या चुकीनं होईल हे सांगता येत नाही, पण तो झाला तर पाण्यात किती माणसं पडतील आणि त्यांच्या अंगावर जाकीट असेल का, हे निघायच्या आधीच ठरलेलं असतं.

जाकिटाबद्दल आपल्याकडं लाज फार. "मले पोहता येते" हे उत्तर ठरलेलं. विहिरीत, कालव्यात पोहणं वेगळं आणि कपड्यांसकट, घाबरलेल्या माणसांच्या घोळक्यात, लाटांमध्ये पोहणं वेगळं. जाकीट सीटखाली ठेवलेलं असेल तर ते नसल्यासारखंच आहे, बोट उलटताना ते शोधायला वेळ मिळत नाही. घालायचं, सगळे पट्टे लावायचे आणि खांद्याजवळ धरून कोणाला तरी वर ओढायला लावायचं. जाकीट कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे. लेकरांना मोठ्यांचं जाकीट घालू नका, पाण्यात लेकरू खालून निसटतं. लहान मापाचं मागा, नसेल तर त्या बोटीत लेकरू बसवू नका. लुगडं-साडी नेसलेल्या बायांनी पदर खोचून जाकीट वरून घालावं. फोटो चांगला येत नाही म्हणून काढून ठेवतात, हे मी डोळ्यानं पाहिलं आहे, आणि त्यात बायांपेक्षा माणसंच पुढं होती.

वेळेचं गणितही आपल्याला नवीन असतं. समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. त्यामुळं काल सकाळी ८ ला गेलेली बोट उद्याही ८ लाच जाईल असं नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला कोकणात उधाण म्हणतात. पंचांग तर आपल्या घरी असतंच, तिथी पाहून जा. नदी जिथं समुद्राला मिळते, देवबागसारख्या ठिकाणी, तिथं ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट यांची टक्कर होते. खाडीत शांत वाटणारी बोट तिथं एकदम उसळते. म्हातारे आणि लेकरं सोबत असतील तर खाडीतल्या खाडीतच फेरी करा, झाडी, खारफुटी, पक्षी तिथंही छान दिसतात. खुल्या समुद्रात जायचंच असेल तर सकाळी जा. दुपारी जमीन तापते, समुद्राकडून वारा सुटतो आणि लाटा वाढतात.

पावसाळ्यात तर विषयच नाही. साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा आणि प्रवासी बोटी बंद ठेवतात. मे महिन्याच्या शेवटी, शाळेच्या सुट्ट्या संपता संपता, आपले लोक नेमके तिकडं असतात आणि कोणीतरी "लपून नेतो" म्हणणारा भेटतो. बंदीच्या दिवसांत काही झालं तर विमाही हात वर करू शकतो. तारकर्लीला २४ मे २०२२ ला स्कुबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले, तेव्हा बंदी लागायला दोनच दिवस होते. तारखेच्या आधी समुद्र शांतच असेल असं काही नाही.

पैशांचं ठरवताना मोघम बोलू नका. भाडं माणशी की बोटीचं? वेळ धक्का सोडल्यापासून धक्क्याला लागेपर्यंत धरायची, की यॉटवर चढल्यापासून? डिझेल त्यातच आहे ना? बेटावर उतरून तासभर थांबलो तर त्याचे वेगळे? वारा सुटला आणि बंदराच्या ऑफिसनं बोटी थांबवल्या तर पैसे परत की दुसरा दिवस? डॉल्फिन दिसतीलच अशी हमी देणारा थाप मारतो आहे, हे नक्की समजा, ते काही त्याच्या गोठ्यात बांधलेले नाहीत. घरबसल्या मोबाईलवर फोटो पाहून पूर्ण रक्कम पाठवू नका. थोडी इसार द्या, बाकी धक्क्यावर बोट पाहून. पैसे फोन पेनं दिले तर नोंद राहते, रोख दिले तर बोटीचं नाव आणि नोंदणी नंबर लिहिलेली पावती घ्या. आणि बोटीत चढायच्या आधी बोटीवर रंगवलेल्या नावा-नंबराचा एक फोटो काढून घरी राहिलेल्या माणसाला पाठवा. यात पाच पैसे लागत नाहीत.

दारूचं एक वाक्यात सांगतो. पिऊन बोटीत चढू नका आणि चालवणाऱ्याच्या तोंडाला वास आला तर पैसे सोडून द्या, पण उतरा.

ज्यांना कोकण जमणार नाही, त्यांच्यासाठी जिल्ह्यात पाणी कमी नाही. रामटेकजवळ खिंडसी तलावात बोटिंग आहे. कुही तालुक्यात अंभोऱ्याला, जिथं वैनगंगा आणि कन्हान मिळतात, गोसेखुर्दचं पाणी पसरल्यापासून समुद्रच वाटतो, आणि २०२४ च्या जानेवारीत नवा पूल सुरू झाल्यापासून गर्दीही वाढली आहे. वर सांगितलेलं सगळं तिथंही तसंच लागू आहे, फक्त भरती-ओहोटी सोडून. नदी-तलावातल्या बोटींसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. इंजिनाच्या बोटीला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. हातानं वल्हवायच्या डोंग्यांची नोंद ठेवायचं काम त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांपर्यंत आणलं आहे. तुमच्या गावच्या घाटावर डोंगा चालत असेल, बाया त्यातून मजुरीला जात असतील, तर ग्रामसभेत एवढंच विचारा, की डोंग्याची नोंद कुठं आहे आणि जाकिटं किती आहेत. ढिवर बांधवांवर राग काढून उपयोग नाही. एका फेरीमागं त्याला मिळतात किती, आणि त्यातून तो दहा जाकिटं कुठून आणणार? ती पंचायतीनं घेऊन द्यावीत, असं माझं मत आहे.

मोबाईलमध्ये तीन नंबर सेव्ह करून ठेवा. समुद्रात अडकलात तर तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि नदी, तलाव, कुठंही ११२. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर मोबाईलची रेंज जाते, म्हणून बोटीवर वायरलेस आहे का हे निघायच्या आधी विचारून घ्या, आणि मोबाईल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात अडकवा, खिशात नको.